मुराळ्याला घ्यायला कोणी येत नसतं

अमेरिकेला निघालेला माणूस माझ्यासमोर बसला की मी पासपोर्ट मागायच्या आधी विचारते, "घ्यायला कोण येणार?" सुरतेत या प्रश्नाला उत्तर नसलेला माणूस क्वचितच सापडतो. कुणाचा मामेभाऊ शिकागोला असतो, कुणाची नणंद टोरांटोला. ज्याचं कुणीच नाही त्याच्या शेजाऱ्याचा साडू असतो. आमच्याकडे अमेरिकेचा नकाशा नातेवाइकांनी भरलेला आहे, मध्ये मध्ये थोडे डोंगर आणि वाळवंट.

माझं ऑफिस उधन्यात, साडीच्या दुकानावरच्या मजल्यावर. वडील पारोळ्याकडून पांडेसऱ्याला लूमवर आले. मी इथंच शिकले, एका तिकीटवाल्याकडे नोकरी धरली आणि पुढे स्वतःचा बोर्ड लावला. गुजराती गिऱ्हाइकं मला कल्पनाबेन म्हणतात, खान्देशातली कल्पनाताई. फॅमिली टूर, हनिमून, चारधाम हे सगळं केलं, पण नाव झालं ते एकाच गोष्टीसाठी. गाडी न चालवता अमेरिका आणि कॅनडा फिरायचं असेल तर कल्पनाबेनकडे जा, असं लोक सांगतात. मला स्वतःला मोपेडसुद्धा नीट वळवता येत नाही. त्यामुळे ज्याला गाडी नको, त्याचं म्हणणं मला लगेच पटतं.

सुरुवात एका सुताच्या व्यापाऱ्यापासून झाली. तो म्हणाला, "बेन, अमेरिका जवुं छे, पण गाडी चलाववी नथी." त्याच्या मेव्हण्याने मागच्या खेपेला त्याला तिथं स्टिअरिंगवर बसवलं होतं. तिकडे रस्त्याची बाजू उलटी. हा आपल्या सवयीने वळला आणि समोरून येणाऱ्या एका बाईने त्याला नमस्कार केल्यासारखे दोन्ही हात जोडले. तेव्हापासून त्याने ठरवलं की जायचं तर बसने, रेल्वेने, पायी, पण गाडीने नाही.

बाहेरच्या माणसाला हे काम सोपं वाटतं. विमानाची तिकिटं काढायची आणि हॉटेलं धरायची, एवढंच ना. पण तो देश बांधणाऱ्यांनी असं गृहीत धरलंय की जन्मलेल्या प्रत्येक जिवाकडे गाडी आहे. न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, बॉस्टन या पट्ट्यात रेल्वेने सुखाने फिरता येतं. कॅनडात टोरांटो ते माँट्रियल, तेही जमतं. मधल्या भागात मात्र गावाच्या नावाचं स्टेशन असतं आणि गाव तिथून बरंच लांब असतं. बसचा थांबा म्हणजे कधी कधी पेट्रोल पंपाशेजारचा नुसता खांब. म्हणून माझे काही नियम आहेत. हॉटेल असं धरायचं की बॅग ओढत, न भांडता, चालत पोचता येईल. शेवटची बस धरायची नाही, शेवटच्या आधीची धरायची. आणि नवरा-बायकोला लागोपाठ दोन दिवस पहाटे उठवायचं नाही, कारण त्याचं खापर माझ्यावर फुटतं.

तऱ्हेवाईक गिऱ्हाइकांची माझ्याकडे ददात नाही. एका कुटुंबाला मी शिकागोहून सॅन फ्रान्सिस्कोला रेल्वेने पाठवलं. तिकडून तक्रार आली की खिडकीबाहेर दोन दिवस काहीच नाही, नुसता देखावा. परत आल्यावर त्यांनीच व्याह्यांना माझ्याकडे आणलं आणि सांगितलं की तीच गाडी द्या, फार शांतता असते.

दुसरे एक सद्गृहस्थ वराछ्याचे. त्यांचे फुवा, म्हणजे आत्याचे यजमान, टेक्सासला. पण फुवांकडे उतरलं की सकाळ-संध्याकाळ उपदेश. म्हणून त्यांनी मला गुपचूप बजावलं की त्याच गावात, पण फुवांना कळणार नाही असं मोटेल बघा. मी बघितलं. स्वच्छ, स्टेशनजवळ, शाकाहारी नाश्ता. गृहस्थ बायकोसह रात्री पोचले, काउंटरवरची घंटी वाजवली आणि आतून फुवा आले. मोटेल त्यांचंच होतं. शाकाहारी नाश्ता वाचून मला शंका यायला हवी होती, असं ते अजून म्हणतात. फुवांनी भाचेसून म्हणून गृहस्थांच्या बायकोला मिठी मारली आणि याला सगळ्यात आतली खोली दिली.

आता मुद्द्याचं सांगते. इतक्या वर्षांत मी आखलेल्या सहलींपैकी एकच अशी होती की ती चालू असताना मला जेवण गेलं नाही. ती सुकलाल आप्पांची.

आप्पा पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये कलर मास्तर होते. म्हणजे पार्टीने कापडाचा तुकडा दाखवायचा आणि यांनी रंग कालवून हुबेहूब तसाच काढून द्यायचा. निवृत्त होऊन डिंडोलीत राहत होते. माझ्या वडिलांच्या ओळखीचे. एक दिवस जिना चढून आले, पाणी प्यायले आणि म्हणाले, कॅनडाला मुलीकडे जायचंय, तिथून अमेरिकेत मुलाकडे.

मी सवयीने विचारलं, "घ्यायला कोण येणार?"

"कोनी येवाव नही," आप्पा म्हणाले. "मी मुराळी शे. मुराळीले कोनी लेवाले येस का?"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या खान्देशात आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, हा सासरी गेलेल्या लेकींचा सण. दिवाळी चुकली तर चालते, आखाजी चुकत नाही. लेक आपल्या आपण माहेरी येत नाही. तिला आणायला माहेराहून माणूस जातो, बहुतेक करून भाऊ. तो मुराळी. त्याने तिच्या दारात जायचं, तिथं जेवायचं आणि तिला घेऊन यायचं. मुराळी दिसला की अख्ख्या गल्लीला कळतं, हिचं माहेर जागं आहे.

आप्पांची मुलगी मनीषा शिकायला कॅनडाला गेली आणि तिने वर्गातल्या एका पंजाबी मुलाशी लग्न केलं. लग्न सुरतेत झालं. सगळे आले, थोरला भाऊ योगेश आला नाही. तो अमेरिकेत सिॲटलजवळ नोकरीला. त्याला ते लग्न पसंत नव्हतं. आमच्यात लग्नात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो. तिथं चुलतभाऊ उभा करावा लागला. मनीषाने त्या क्षणी मान वर केली नाही, हे मी मांडवात बसून पाहिलंय. तेव्हापासून बहीण-भावाचं बोलणं बंद. ती राहते व्हँकुव्हरला लागून असलेल्या सरे गावात, तो सिॲटलला. मध्ये फक्त सीमा. सुरतेहून वापीला जाऊन परत यावं, एवढंसं अंतर.

आप्पांनी योगेशला सांगून पाहिलं होतं, की एकदा आखाजीला बहिणीला आण. तो म्हणाला, माझे व्हिसाचे कागद लटकलेत, मला हा देश सोडता येत नाही, तिला विमानाचं तिकीट पाठवतो. कागद खरोखरच लटकले होते. लटकलेले कागद माणसाच्या किती उपयोगी पडतात, हेही मला या धंद्यात कळलंय.

"तिकीट धाडीसन आंडेर माहेरले येत नही," आप्पा म्हणाले. आंडेर म्हणजे लेक.

"मग सुरतेला बोलवा की तिला. तुमचं घर आहेच."

"मनं घर आज शे, सकाय नही. मी गयू, तुनी काकू गयी, मंग ती कोठे जाई? भाऊनं घर तेच माहेर. मी जित्ता शे तोवर तिले ते दार दखाडी देस."

मलाही एक भाऊ आहे, नाशिकला. आखाजीला त्याचा मेसेज येतो, "ये ना कधीही, घर तुझंच आहे." कधीही ये म्हणजे आता नको, हे कळायला मला काही वर्षं लागली. मी आप्पांचं काम मनावर घेतलं त्यात हेही होतं, लपवत नाही.

कामाची अडचण समजून घ्या. सुरतेतला सगळा धंदा 'घ्यायला कोण येणार' यावर उभा, आणि इथं अट उलटी. विमानतळावर मुलीने यायचं नाही. जावयाच्या गाडीत बसायचं नाही. मुलाने न्यायला यायचं नाही, कारण त्याला सीमा ओलांडता येत नाही. इंग्रजी न येणाऱ्या माणसाने परक्या देशात आपल्या आपण लेकीच्या दारात उभं राहायचं आणि तिला घेऊन दुसऱ्या देशातल्या दारात पोचायचं. ड्रायव्हिंग नाही हे तर त्यात आलंच.

सुदैवाने व्हँकुव्हरला विमानतळातूनच मेट्रो निघते. शहरात एकदा बदलायची, की सरे. दोन मार्ग, नकाशावर एक फिरोजी, एक निळा. मी आप्पांना नकाशा दाखवला तर त्यांनी तो खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला. म्हणाले, छपाई हलकी आहे, पण दोन्ही रंग वेगळे कळतात. मला तेवढंच हवं होतं. व्हँकुव्हरहून सिॲटलला संध्याकाळची रेल्वे. अमेरिकेची तपासणी व्हँकुव्हरच्या स्टेशनातच, गाडीत बसायच्या आधी. नंतर समुद्राच्या कडेकडेने शेवटच्या स्टेशनापर्यंत जायचं. तिथून टॅक्सी मी इथून बोलावणार होते. योगेशला आप्पांनी फोनवर एवढंच सांगितलं की मी तुझ्या बहिणीला घेऊन येतोय. तो म्हणाला, "या." 'आणा' म्हणाला नाही. आप्पांनी हा शब्द मला दोनदा सांगितला.

सुमनकाकू, म्हणजे आप्पांची बायको, गुडघ्यांमुळे जाणार नव्हत्या. त्यांनी आखाजीच्या सांजोऱ्या केल्या, म्हणजे रव्या-गुळाचं सारण भरून तळलेल्या. डबे दोन. एक जावयाच्या घरी, दुसरा योगेशकडे. दुसऱ्याच्या झाकणाला त्यांनी चहूबाजूंनी चिकटपट्टी लावली आणि आप्पांना बजावलं की हा मुलाच्या घरात शिरल्याशिवाय उघडायचा नाही. मला म्हणाल्या, लहानपणी ही दोघं सांजोऱ्यांचा डबा घेऊन दाराआड बसायची. डबा संपेपर्यंत कुणी उठायचं नाही. हाक मारा, जेवायला बोलवा, पाहुणे येवोत. शेवटच्या सांजोरीवरून मारामारी व्हायची आणि मग ती मोडून अर्धी अर्धी.

आप्पा निघाले. व्हँकुव्हरला मेट्रो बरोबर बदलली. सरेच्या स्टेशनवर मात्र जिन्यापाशी घुटमळले. एक पंजाबी आजीबाई भेटल्या. त्यांनी हिंदीत चौकशी केली आणि म्हणाल्या, माझा मुलगा बाहेर गाडीत आहे, सोडतो. आप्पांनी नियम सांगितला. आजीबाईंना तो इतका पटला की त्यांनी मुलाला गाडी हळूहळू मागून आणायला लावली आणि स्वतः आप्पांबरोबर चालत गेल्या. मनीषाने दार उघडलं तेव्हा दारात बाप, बाजूला अनोळखी आजी आणि रस्त्यावर रांगणारी एक गाडी. काय झालं असेल ते झालं असेल. आप्पांनी मला एवढंच कळवलं, की पोचलो, पोरगी रडली, जेवतोय.

चार दिवसांनी मला योगेशचा फोन आला. इकडचं तिकडचं विचारून म्हणाला, "कल्पनाताई, ती रेल्वे सीमेच्या या बाजूला पहिल्यांदा कुठं थांबते?"

मी बेलिंगहॅम सांगितलं.

"जास्त वेळ थांबते का?"

"चढणारा चढतो, उतरणारा उतरतो, एवढाच," मी म्हणाले. तो बरं म्हणाला आणि फोन ठेवला. का विचारतोस हे मी विचारलं नाही. कुणाला सांगितलंही नाही. येणार म्हणून सांगावं आणि तो आला नाही, तर आप्पांना ते रेल्वेच्या खिडकीतून रिकाम्या फलाटावर दिसलं असतं.

ते रेल्वेत बसणार होते तेव्हा आपल्याकडे सकाळ, तिकडे आदल्या दिवशीची संध्याकाळ. मी ऑफिस उघडायला आले तर सुमनकाकू जिन्यावर बसलेल्या. त्यांना वर आणलं, गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसवलं. पहिला फोन मनीषाचा होता, गाडीत बसल्यावरचा. तपासणीवाल्या साहेबाने विचारलं होतं, कशासाठी चाललात. ती म्हणाली, वडील मला भावाच्या घरी न्यायला आलेत. साहेब म्हणाला, तुम्हाला एकटीला जाता येत नाही? ती म्हणाली, येतं. साहेबाने थोडा वेळ आप्पांकडे पाहिलं आणि शिक्का मारला.

"तुले कोन येस वं आखाजीले?" काकूंनी मला मध्येच विचारलं.

"मेसेज येतो," मी म्हणाले. काकूंनी माझ्या हातावर हात ठेवला. मला बरं वाटलं आणि वाईटही.

मग आप्पांचा फोन. आवाज नेहमीसारखाच, मिलमध्ये पार्टीला माल तयार आहे म्हणून सांगावं तसा. "योगेश उना. बेलिंगहॅमले. गाडी लईसन उना."

मी उठून उभी राहिले. "आला? मग? बोलला?"

"नही. तिनी बॅग उचली लिधी. ती मांगे मांगे गयी."

"आणि तुम्ही कुठं आहात?"

"रेल्वेमा."

मी खाली बसले. "आप्पा, तुम्ही उतरला का नाहीत?"

"मनं तिकीट सिॲटललोंग शे," आप्पा म्हणाले. मग जरा थांबून, "तीन जन ऱ्हायनात की कोनी बोलत नही, म्हाताराशी बोलतस. दोनच ऱ्हायनात की बोलनंच पडस. बसू दे त्यासले."

मी आखलेल्या बिनगाडीच्या सहलीत शेवटी गाडी शिरलीच, आणि तीही मुराळ्याने स्वतः शिरू दिली. मला रागावायचं होतं, ते जमलं नाही. मी त्यांना सांगितलं की जिथं सगळे उतरतील तिथं उतरा, मधे कुठंही उतरू नका. ते म्हणाले, बाहेर समुद्र आहे, पाण्याचा रंग चांगला आहे पण पक्का वाटत नाही, एका धुण्यात जाईल. सिॲटलला ते व्यवस्थित उतरले. टॅक्सी आली. योगेशच्या बायकोने दार उघडलं, सासऱ्यांवरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि आत घेतलं.

पण घरात योगेश नव्हता. मनीषा नव्हती.

रेल्वे हळू जाते. गाडीने ते दोघं आप्पांच्या कितीतरी आधी पोचायला हवे होते. आप्पांचा फोन आला तेव्हा आवाज पहिल्यांदा उतरलेला होता. "आजून उनात नही त्या. योगेश फोन उचलत नही." मी मनीषाला लावला, तिचाही वाजून वाजून बंद. त्या रस्त्याचा नकाशा मी स्क्रीनवर उघडला. रस्ता मोकळा होता. मला जे जे सुचत होतं त्यातलं काहीच चांगलं नव्हतं. भांडण झालं असेल, ती मधेच उतरली असेल, नाहीतर याहून वाईट. आप्पा म्हणाले, मी उतरायला पाहिजे होतं का गं. इतक्या वर्षांत त्यांनी मला सल्ला विचारल्याचं मला आठवत नाही.

मी काकूंना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"इचार त्यासले," त्या म्हणाल्या, "दुसरा डबा कोनाकडे शे?"

मी विचारलं. आप्पा आठवत आठवत म्हणाले, "डबा? मनीषानी थैलीमा. ती गाडीमा लई गयी."

मी काकूंकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं सगळं सैल झालं. "मंग येतीन," त्या म्हणाल्या. "डबा सरस नही तवलोंग उठाव नहीत त्या." गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या, चपला शोधल्या आणि जिन्याकडे निघाल्या. मी म्हणत होते, थांबा, खबर तरी येऊ द्या. त्या थांबल्या नाहीत.

त्या निम्म्या जिन्यावर असतील तेव्हा फोन वाजला. आप्पा होते. मागे माणसांचा आवाज होता, एक बाई हसत होती.

मी जिन्याच्या तोंडाशी आले. "काकू, आले दोघं."

काकूंनी वर पाहिलं. "डबा?"

मी फोनमध्ये विचारलं आणि त्यांना सांगितलं. "रिकामा."

काकूंनी मान हलवली, कठडा धरला आणि एक एक पायरी उतरू लागल्या. खालून म्हणाल्या, रवा आणायला चाललेय, सुनेला काहीच उरलं नाही, पुढचं गिऱ्हाईक तिकडे कधी जातंय ते बघून ठेव.